आजोबांचं फेवरलुबा आणि जिन्याखालचं दुकान (सोलापूर)

आधी मार्क देऊन टाकतो कारण बऱ्याच जणांना तेवढंच पाहिजे असतं. घड्याळाला पाचपैकी पाच, सर्व्हिसिंगला पाच, सांगितलेल्या तारखेला देण्याला दीड. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, जरा लांबलंय.

घड्याळ फावर-ल्युबा या स्विस कंपनीचं, मॉडेल सी किंग. आता फावर-ल्युबा असं सोलापुरात कुणी म्हणत नाही, आमच्या घरात ते कायम "फेवरलुबा" आणि आजी तर नुसतं "लुबा" म्हणायची, "तुझ्या आजोबांचं लुबा कुठं ठेवलंय बघ जरा". आजोबांच्या लग्नातलं, १९६४ चं. त्या काळी जावयाला घड्याळ, सायकल आणि अंगठी हे ठरलेलंच असायचं, पण आमच्या आजोबांनी म्हणे पंगतीत रुसवा धरला की एचएमटी नको, स्विसच पाहिजे. एचएमटी तेव्हा अगदी नवीन, १९६१ ला सिटिझन या जपानी कंपनीची मदत घेऊन बंगळुरात कारखाना सुरू झाला होता, त्यामुळे लोकांचा अजून भरवसा बसला नव्हता. अक्कलकोटच्या पणजोबांनी काय खटपट केली माहीत नाही पण सोळाव्या दिवशी घड्याळ हातात आलं आणि तो विषय आजीनं पुढची पंचेचाळीस वर्षं सोडला नाही.

आजोबा गिरणीत टाइम ऑफिसला होते. सकाळचा भोंगा झाला की मनगटाकडं बघायचे आणि "आज अर्धा मिनिट लेट" असं घरात जाहीर करायचे, म्हणजे घड्याळ बरोबर आणि भोंगा चूक. ते गेल्यावर घड्याळ कपाटात स्टीलच्या डब्यात आजीच्या जोडव्यांबरोबर पडून होतं, चौदा-पंधरा वर्षं. मागच्या दिवाळीत साफसफाईत सापडलं, चावी फिरवून बघितली तर दोन सेकंद चाललं आणि थांबलं.

पहिल्यांदा ते मी एका चकाचक एसी दुकानात नेलं. नाव घेत नाही, त्यांचा धंदा त्यांना लखलाभ. काउंटरवरच्या पोरानं मागचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, सर याचे पार्ट येत नाहीत, आतलं मशीन काढून बॅटरीचं बसवून देतो, डायल पण नवीन करू, ब्लू मधे लई भारी दिसतंय. मी म्हणलं नुसतं साफ करून द्या की. तर म्हणला असल्याचं काम आता कुणी करत नाही सर. म्हणजे आजोबांच्या घड्याळाची नुसती केस ठेवायची आणि आत भलतंच काहीतरी घालायचं, आणि वर त्याचे दोन हजार द्यायचे. उचललं आणि बाहेर पडलो.

मग शेजारच्या काकांनी जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या चाचांचं सांगितलं. दुकान बाजारात, साड्यांच्या दोन दुकानांच्या मधे जिन्याखाली आहे. पत्ता टाकत नाही कारण चाचांनीच बजावून सांगितलंय, "मोबाईलवर टाकू नको बाबा, आहे तेच काम उरकंना झालंय." बोर्ड नाही. एक काचेची पेटी, त्यात बंद पडलेली घड्याळं, एक टेबल लॅम्प, आणि चाचा, डोळ्याला भिंग लावून. बसायला एकच स्टूल आणि त्यावरपण भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ ठेवलेलं, ते उचलून मांडीवर घेऊन बसायचं. मी तसंच बसलो पाऊण तास.

त्यांनी घड्याळ हातात घेतलं, आधी डायल नाही बघितली, कानाला लावलं. मग चावीला अर्धा वेढा दिला, परत कानाला. मग म्हणाले, "तेल वाळलंय. बाकी जनावर तगडं हाय." झाकण उघडलं आणि मला म्हणले बघ. मी आयुष्यात पहिल्यांदा भिंगातून घड्याळाच्या आत बघितलं आणि खरं सांगतो, दोन मिनिटं बोललोच नाही. लालसर गुलाबी ठिपके होते मधे मधे, त्यांना मी गंज समजलो तर ते माणकं निघाली. डायलवर १७ ज्वेल्स लिहितात ते हेच, कारखान्यात बनवलेली माणकं असतात, दागिन्याची किंमत वगैरे काही नसते त्यांना, पण स्टीलची बारीक आसं जिथं फिरतात तिथं धातूऐवजी माणिक असलं की घासत नाही आणि तेल टिकतं. म्हणून साठ वर्षांनी पण चाकांची भोकं गोलच्या गोल होती. चाचा म्हणाले पितळेत असती तर आत्तापर्यंत अंडाकृती झाली असती.

मग बाल कमान दाखवली, केसासारखी बारीक स्प्रिंग असते ती, तिच्यावर ते गोल चाक पुढं-मागं डुलतं, आणि तासाला १८,००० झोके म्हणजे सेकंदाला पाच. टिकटिक ऐकू येते ती याची. मोठी कमान वेगळी, ती डबीत गुंडाळलेली असते, आपण चावी देतो ती तिला. आतली सगळी जोडणी म्हणजे मोठ्या कमानीची ताकद एकदम सुटू नये, थेंब थेंब सुटावी एवढ्याचसाठी. ते सगळं एका रुपयाच्या नाण्यापेक्षा कमी जागेत, आणि तेल किती लागतं तर सुईच्या टोकावर धरंल तेवढं.

तर आता घड्याळाच्या घराण्याबद्दल, कारण चाचांनी जेवढं सांगितलं त्यानं मला किडा चावला आणि मी पुढचे पंधरा दिवस हेच वाचत बसलो, बायको वैतागली.

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात ल लोकल नावाचं गाव आहे. तिथल्या अब्राहम फावर नावाच्या माणसानं १७३७ साली घड्याळं बनवायला सुरुवात केली. १७३७, म्हणजे इकडं थोरला बाजीराव दिल्लीवर धडक मारून आला तेच वर्ष. आजही सुरू असलेल्या स्विस घड्याळाच्या नावांमधे याच्याआधीचं एकच सांगतात, ब्लांकपेन, १७३५ चं. रोलेक्स रोलेक्स करतात सगळे, रोलेक्सचा जन्म १९०५ चा आणि तो पण लंडनमधे.

त्या डोंगरात हिवाळ्यात सगळं बर्फाखाली, शेती बंद, मग शेतकरी घरात खिडकीशी बसून घड्याळाचे पार्ट बनवायचे. एका घरात नुसती चाकं, दुसऱ्या घरात स्क्रू, तिसऱ्यात डायल, आणि व्यापारी ते गोळा करून जोडून विकायचा. हे वाचलं आणि म्हणलं अरे हे तर आपलंच आहे की. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जा, घराघरात माग, पुढच्या खोलीत टॉवेल विणणं चालू आणि मागं चूल, आणि शेजारची बाई सूप मांडीवर घेऊन विडी वळतीये, संध्याकाळी कारखान्यावर मोजून देणार. स्विस घड्याळ म्हणलं की आपल्याला पांढरे कोट घातलेली माणसं दिसतात पण सुरुवात अशी घरगुती आहे.

पुढं १८१५ च्या सुमारास लुबा, सॉरी ल्युबा नावाचा व्यापारी फावर मंडळींना येऊन मिळाला आणि नाव जोडलं गेलं. एक घर घड्याळ बनवणारं आणि एक घर विकणारं, आणि नंतर सोयरीक पण झाली, त्यातल्या फ्रिट्झ फावरनं ल्युबांच्या घरातलीच मुलगी केली. हा फ्रिट्झ म्हणजे आपल्या कामाचा माणूस. हा बॅग उचलून जगभर फिरला आणि १८६५ मधे हिंदुस्थानात आला. १८६५! सोलापुरात रेल्वे येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती तेव्हा. मुंबईत यांची पेढी झाली आणि पुढची शंभर वर्षं भारत हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. म्हणून आपल्याकडं डॉक्टर, वकील, हेडमास्तर, गिरणीतला बाबू, कुणाच्याही घरात जुनं फेवरलुबा निघतं. आठ पिढ्या घरच्याच माणसांनी धंदा चालवला. युरोपातल्या कुणाला विचारा, ऐकलं नसेल कदाचित, आपल्या आजीला विचारा, लगेच सांगंल.

खरा दम त्यांनी १९६० नंतर दाखवला. १९६२ मधे त्यांनी एक मशीन काढलं, एफएल २५१, जाडी फक्त २.९५ मिलीमीटर आणि त्यात कमानीच्या डब्या दोन, म्हणजे एकदा चावी दिली की दोन दिवस बघायला नको. आणि त्याच वर्षी बिव्हॉक नावाचं घड्याळ. याच्या आत हवेचा दाब ओळखणारी बंद धातूची डबी होती, तुम्ही उंचावर गेला की हवा विरळ होते, डबी फुगते, आणि ती हालचाल काट्यावर येते. बॅटरी नाही, काही नाही, आणि मनगटावर उंची दिसते. मनगटावरच्या यांत्रिक घड्याळात असं आधी कुणी केलं नव्हतं. वॉल्टर बोनाती नावाचा इटालियन गिर्यारोहक ते घालून आल्प्समधल्या ग्रांद जोरासवर चढला होता. मग १९६८ ला बाथी काढलं, ते उलट, पाण्यात किती खोल गेलो ते दाखवणारं. सोलापुरात दोन्हीचा उपयोग शून्य, उंची मोजायची म्हणलं तर किल्ल्याचा बुरूज आणि तो किल्ला पण भुईकोट. पण डोकं बघा लोकांचं.

आणि मग माती झाली. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायकोनं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं, बॅटरीवर क्वार्ट्झचा खडा सेकंदाला हजारो वेळा थरथरतो, त्याच्यापुढं सेकंदाला पाच झोके घेणारं आमचं लुबा कसं टिकणार अचूकपणात. स्वस्त पण झालं ते लवकरच. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधे घड्याळाच्या धंद्यातली जवळजवळ दोन तृतीयांश माणसं घरी बसली. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, ज्यांच्या घरात गिरणी बंद पडल्याचे दिवस बघितलेत त्यांना बरोबर कळतंय. भारतात तर त्याच्या आधीच परदेशी घड्याळांवर बंधनं आली होती, मग स्मगलिंगचा माल, मग एचएमटी, मग टायटन. १९८५ च्या सुमाराला फावर-ल्युबा घराण्याच्या हातातून गेलं. नंतर या मालकाकडून त्या मालकाकडं. २०११ मधे चक्क आपल्या टायटननं विकत घेतलं आणि आता ते एथॉसकडं आहे, ती पण भारतातलीच कंपनी, २०२४ मधे जिनिव्हात परत झोकात आणलं. नवीन मॉडेलची किंमत लाखांत आहे, मी फोटो बघून पोट भरलं.

आता कामाची गोष्ट, ऑनलाईन घेणाऱ्यांनो हे नीट वाचा. हजार-दीड हजारात "व्हिंटेज फेवरलुबा" म्हणून जे चमचमीत निळे, हिरवे, केशरी डायलवाले मिळतात ना, ते घेऊ नका. जुनी कसलीतरी मशीनं, पॉलिश मारून झिजवलेल्या केस आणि वरून नव्यानं रंगवलेली डायल. जसं सोलापुरी चादर म्हणून बाहेरगावचा माल खपवतात तसंच. चाचांनी ओळखायचं कसं ते दाखवलं. त्यांच्याकडं एक रंगवलेलं आलं होतं ते आणि आमचं शेजारी शेजारी ठेवून भिंग दिलं. आमच्या डायलवर वाळूच्या घड्याळाच्या आकाराचा लोगो, त्याच्या कडा साठ वर्षांनंतरही चाकूनं कापल्यासारख्या. दुसऱ्यावर तोच लोगो शाई पसरल्यासारखा फुगलेला. आमच्यावर सहाच्या खाली अगदी कडेला बारीक "स्विस मेड", दुसऱ्यावर ते इतकं मोठं की आंधळ्याला पण दिसावं. मिनिटांच्या रेघा तर काट्यांच्या टोकाशी जुळतच नव्हत्या.

आमची डायल मात्र पिवळी पडलीये, चारच्या आकड्याजवळ एक डाग आहे. मी चाचांना म्हणलं हा डाग तरी काढता का. ते म्हणले, "काढतो की, पण मग ती डायल तुझ्या आज्याची राहत नाही, माझी होते." नाही काढला. आणि लक्षात घ्या डायल रंगवायचे त्यांना जास्तीचे पैसे मिळाले असते. त्यांनी सर्व्हिसिंगचे सातशे घेतले, पूर्ण मशीन उघडून, पेट्रोलमधे धुवून, तेल देऊन, काच घासून. काच बदलली नाही, जुनी प्लॅस्टिकची काच असते ती, ओरखडे घासून निघतात, त्यांनी समोरच घासली आणि ती धुरकट काच हळूहळू साफ होत खालचे काटे दिसायला लागले तेव्हा मला उगाच आजोबांचा हात आठवला, भोंग्याच्या वेळचा. पट्टा मात्र त्यांनी दिलेला बकवास आहे, रेक्झिनचा, आठ दिवसात सोलला. पट्टा बाहेरून घ्या.

तक्रारीची बाजू पण सांगतो. आठ दिवसात देतो म्हणले आणि सव्वा महिना लावला. दर शनिवारी जायचं, चाचा नुसतं हात वर करणार, "पुढच्या शनिवारी या की." एकदा तर दुकानच बंद, कळलं गावाला लग्नाला गेलेत. गड्ड्याच्या यात्रेच्या आत द्या म्हणलं होतं, म्हणजे संक्रांतीला घालून सिद्धेश्वराला जाता येईल, तर यात्रा संपून पाळणे उतरवायला लागले तरी घड्याळ दुकानातच. घाई असणाऱ्यांनी जाऊ नका.

अजून एक, आणि यात चूक माझी. घड्याळ घरी आणल्यावर चार दिवस झकास चाललं आणि पाचव्या दिवसापासून रोज दहा-बारा मिनिटं पुढं. मी तडक गेलो आणि जरा आवाज चढवूनच बोललो, सातशे रुपये घेतले, सव्वा महिना ठेवलं आणि हे असलं काम का. चाचा शांत. खिशातून होकायंत्र काढलं, छोटं, खेळण्यातलं असतं तसलं, घड्याळ त्याच्याजवळ नेलं तर सुई थरथरली. "रात्री कुठं ठेवतो?" मी म्हणलं टीव्हीजवळ, स्पीकरवर. झालं. स्पीकरमधे लोहचुंबक असतं, बाल कमानीला त्याची बाधा झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटायला बघतात, झोका आखूड होतो आणि घड्याळ पळायला लागतं. त्यांनी एका डबीसारख्या यंत्रावर घड्याळ धरलं, बटण दाबून हळूच वर उचललं, तीन सेकंदाचं काम. पैसे विचारले तर म्हणले, "ओरडलास तेवढं बास झालं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना शेजारच्या टपरीवरून दोन कट चहा सांगितले, तेवढंच.

आता तीन महिने झाले. फोनमधे ॲप आहे, माइकवर टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढं-मागं ते सांगतं, त्यात दिवसाला अर्धा मिनिट पुढं दाखवतंय. साठ वर्षांच्या मशीनला हे लई झालं. शंभर रुपयाचं क्वार्ट्झ याच्यापेक्षा अचूक असतं हे मान्य, त्यात वाद नाही. पण रोज सकाळी दात घासून झाले की चावी द्यायची, वीस-बावीस वेढे, पुढं जड लागायला लागलं की थांबायचं, जबरदस्ती करायची नाही. आणि शक्यतो रोज एकाच वेळेला. पाण्यापासून लांब ठेवा, नाव सी किंग असलं तरी साठ वर्षांत आतलं रबर कडक झालेलं असतं, नळाखाली हात धुतानासुद्धा काढून ठेवतो मी. सोलापूरच्या एप्रिल-मे मधे तर घालूच नका, घामानं चावीच्या भोकातून आत ओल जाते आणि डायलवर डाग पडतात. आमचा चारजवळचा डाग बहुतेक तसलाच आहे, टाइम ऑफिसात पंखा नव्हता म्हणे.

कुणी विचारतील की विकायचं झालं तर किती येतील. विकत नाही. पण बाजार सांगायचा तर याचे फार पैसे येत नाहीत, भारतात खूप आहेत. बिव्हॉक निघालं कपाटात तर मात्र उड्या मारा, आणि आधी कुणालातरी जाणकाराला दाखवा, चकाचक दुकानात बॅटरी घालायला नेऊ नका.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, रोज एक ते चार पण बंदच समजा. फोन उचलत नाहीत. माझ्या मामाचं एचएमटी जनता सध्या त्यांच्याकडं पडलंय, मागच्या शनिवारी गेलो तर हात वर केला.